खेमाजी हवालदार यांनी दोन्ही बाजू मांडिल्या त्याची हकीकत

श्रीवाग्देवी प्रसन्न असो. प्रसन्न नसल्यास निदान जागी असो. राज्यशक एकेचाळीस, घोटाळानाम संवत्सर, फाल्गुन मास. ज्या राज्याचे नाव घेतले असता दरबारातून खुलासा मागवितात, सबब नाव घेत नाही, तेथील वर्तमान ऐसे जे: सरहद्दीवर एक गड होता आणि पलीकडे शत्रू होता, आणि मग शत्रूशी सोयरीक जाहली आणि पलीकडील मंडळी लढाईऐवजी जेवणावळीस येऊ लागली, आणि मग दरबाराने गडावरील शिबंदी उठविली आणि तोफा उतरविल्या, त्यात एक तोफ जड म्हणून राहिली आणि एक हवालदार विसरून राहिले. हवालदारांचे नाव खेमाजी. मोठे इमानी. हुकूम ऐसा होता की हवालदाराने परवानगीवाचून गडाचा खालचा दरवाजा ओलांडू नये. हुकूम देणारे सरदार कधीच वारले, त्यांचे चिरंजीवही म्हातारे जाहले, परंतु खेमाजी दरवाजा ओलांडीत नसत. त्यांचे कुटुंब दर्याबाई, तोंडाने फटकळ आणि मनाने मोकळी, तिने गडावर काही वर्षे काढिली आणि मग एके सकाळी भाकरी थापता थापता बोलिली, “अहो, काल दिवसभर मी कोणाशी बोलले, ठाऊक आहे? चुलीशी. ती निदान फुरफुरते तरी. तुम्ही नुसतं हं म्हणता.” हवालदार बोलिले, “हं.” तेव्हा बाईंनी भाकरी उलथली, ती जरा जोरातच उलथली, आणि म्हणाली, “शहरात बिऱ्हाड करा. दोन खोल्या पुरेत. शेजारी भांडखोर असले तरी चालतील, असलेच तर बरं. मग येते.” आणि गाठोडे बांधून गड उतरून भावाच्या गावी गेली. खेमाजी खालच्या दरवाजापर्यंत पोहोचवावयास गेले, आणि तेथून पुढे हुकूम नव्हता.

मग गडावर हवालदार एक, तोफ एक आणि वारा पुष्कळ, ऐसे दिवस चालिले. दर बाजारच्या दिवशी धाकू जासूद खालून शिधा घेऊन येई, दोन गोष्टी बोले आणि उजेडी उतरून जाई. त्याच धाकूने दवंडी सांगितली, की दरबाराने दूरविद्या काढिली आहे. ज्यास शहरी जाणे घडत नाही त्याने घरी बसून कायदा शिकावा, पोथ्या आणि पंतोजी घरपोच मिळतील, शेवटी परीक्षा देऊन सनद घ्यावी, काळा झगा घालावा आणि खुशाल वकिली करावी. हे ऐकून खेमाजींच्या मनात ऐसे आले, की सनद म्हणजे वकिली, वकिली म्हणजे शहर, शहर म्हणजे दोन खोल्या आणि दोन खोल्या म्हणजे दर्याबाई. त्यांनी तत्काळ अर्ज धाडिला. पुढल्या बाजारी धाकू धापा टाकीत वर आला आणि पाठीवरचे पोते उतरवून बोलिला, “हवालदार, तुमचा मास्तर आणलाय. वाटंत दोनदा आपटला, जरा मुका मार बसला असंल.” पोत्यात पोथ्या निघाल्या आणि एक काचेची पेटी निघाली. पेटी उघडली की आत पंतोजी दिसत आणि बोलत, परंतु ऐकत नसत. धडा झाला की पंतोजी विचारीत, “समजले?” आणि अंमळ थांबून आपणच म्हणत, “उत्तम.” खेमाजी आरंभी हात जोडून सांगत, “नाही समजले, गुरुजी.” पंतोजी म्हणत, “उत्तम.” मग पेटी मागे न्यावी, पुन्हा ऐकावे, पुन्हा समजू नये, पुन्हा उत्तम व्हावे, ऐसा विद्याभ्यास चालिला. वर्षातून एकदा गुरुशिष्यांची समक्ष भेट होते ऐसा कागद आला, सोबत शहरास येण्याचा हुकूमही आला, तेव्हा खेमाजी नवे पागोटे बांधून मोठ्या उमेदीने चालत गेले. तेथे दालन उघडे होते, सतरंजी अंथरली होती, दुसरा शिष्य कोणी आला नव्हता, आणि गुरूच्या गादीवर आणखी एक पेटी ठेविली होती. शिपाई बोलिला, “बसा की हवालदार. पंतोजी आत्ताच उघडतो.”

आता कायदा ही विद्या एकट्याची नव्हे. मल्लखांब एकट्याने होतो, कुस्ती होत नाही. वादी आहे तर प्रतिवादी पाहिजे, आणि गडावर दुसरे कोण? मग खेमाजींनी आपले जुने पागोटे तोफेच्या तोंडावर चढविले आणि तीस प्रतिपक्षाचा वकील नेमिले. आपण उजवीकडे उभे राहून बाजू मांडावी आणि तोफेने ऐकावे. तोफ काही बोलेना, आणि हवालदार दर कज्जा जिंकू लागले, आणि जिंकून जिंकून उदास होऊ लागले. मग एके दिवशी तोफेची दया येऊन ते तिच्या बाजूस गेले आणि तिच्या वतीने आपल्यालाच खोडून काढिले, आणि ऐसा रंग भरला की बस! पुढे हीच वहिवाट पडली. उजवीकडे बोलावे, डावीकडे जाऊन उत्तर करावे, मग बुरुजावर चढून न्यायाधीश व्हावे आणि निकाल द्यावा. पाय आपोआप चालू लागले. वारा पडलेला असेल त्या दिवशी गडाखालून जाणाऱ्या धनगरांस वाटे, वर मोठी फौज परतली आणि आपसात भांडते आहे.

येणेकरून पोथ्या संपल्या आणि सनदेच्या परीक्षेचा हुकूम आला. त्यात दूरविद्येच्या शिष्यांस खास नियम ऐसा, की ज्याने त्याने आपल्या मुलखातला खरा कज्जा आणावा आणि प्रतिपक्षास समन्स धाडून हजर करावे. इतरांच्या गावी कज्जे मुबलक. बांधाचे होते, विहिरीचे होते, एक तर बोकडाने खाल्लेल्या मुंडावळ्यांचा होता. गडावर कज्जा कोठला? कज्ज्यास दुसरा लागतो. खेमाजींनी पुष्कळ विचार केला आणि आपल्याच कुटुंबावर समन्स लिहिले, की नवऱ्याची चाकरी जेथे तेथे बायकोने राहावे की न राहावे. धाकूने कागद हाती घेतला आणि बोलिला, “बायकूवर समन्स? हवालदार, डोस्कं ठिकानावर हाय न्हवं?” “परीक्षेपुरतं आहे, धाकूबा. सनद मिळाली की बिऱ्हाडच करायचंय. मग येईलच ती.” “यील की. लाटणं घिऊन यील.”

परीक्षेचे दिवशी न्यायसभा भरली, परीक्षक शास्त्री न्यायासनावर बसले. दर्याबाई भावाच्या गाडीतून आली, पदर खोचून चोपदारास म्हणाली, “प्रतिवादी मीच. कुठं उभं राहू? का घरच्यासारखं कोपऱ्यात?” बाईंच्या वतीने बोलावयास बापूराव म्हणून दुसरा परीक्षार्थी नेमिला होता, तो शहरातलाच, न्यायसभेच्या समोर राहणारा, तरी दूरविद्या घेतलेला, कारण रस्ता ओलांडण्याचा त्यास कंटाळा. खेमाजी उजवीकडे उभे राहिले आणि बोलू लागले, आणि बोलिले ते ऐसे की शास्त्री ताठ बसले. चाकरी म्हणजे काय, लग्न म्हणजे काय, सात पावले बरोबर चालली त्यात चढण वगळली होती काय, ऐसे एकेक मुद्दे तोफगोळ्यासारखे टाकिले. सभा वाहवा करू लागली. तेथेच थांबते तर सनद हातात होती. परंतु मुद्दे संपले आणि खेमाजींचे पाय सवयीने निघाले, सभेच्या मधून चालत डावीकडे गेले, आणि ते बापूरावास हलकेच बाजूस सारून बोलिले, “आता याचे उत्तर ऐका. वादी बोलतो गोड, पण त्या गडावर सणाची रांगोळी टिकत नाही, वारा नेतो. पुरण घातलं तर खाणारी तोंडं दोन, त्यातलं एक बोलत नाही. बाईमाणसानं नवी साडी नेसून बाहेर यावं तर बघणारं कोणी नाही, आणि जो आहे तो तटाकडे बघतो. तिथं भांडायचं म्हटलं तरी समोरचा हं म्हणून विझून जातो. अशा ठिकाणी राहणं याला नांदणं म्हणत नाहीत, महाराज, याला उरणं म्हणतात.” आणि मग हवालदार तसेच पायऱ्या चढून न्यायासनाशी गेले, थोरल्या शास्त्र्यांनी घाबरून पाय वर घेतले, आणि खेमाजींनी मोठ्याने निकाल दिला, “वादीचा दावा नामंजूर!”

मग सभा हसली, ती छप्पर उडेतो हसली. खेमाजी भानावर आले. शास्त्री बोलिले, “हवालदार, तुम्ही वकील कोणाचे?” “वादीचा, महाराज.” “आणि वादी कोण?” “मीच, महाराज.” “जो स्वतःला बुडवतो, त्याच्या हाती दुसऱ्यानं गळा द्यावा का?” खेमाजींनी एकदा उजवीकडे पाहिले, एकदा डावीकडे पाहिले. सनद नाकारिली. मग बापूरावांस विचारिले, तुमचे म्हणणे काय? बापूराव जांभई आवरून बोलिले, “सदरहूप्रमाणे.” शास्त्र्यांनी मोजके बोलल्याबद्दल त्यांची वाखाणणी केली आणि सनद दिली. गर्दी पांगेतो दर्याबाईंची गाडी निघून गेली होती.

खेमाजी गडावर परतले. पेटी उघडली, पंतोजी म्हणाले, “समजले?” आणि “उत्तम” येण्याआधीच त्यांनी पेटी मिटली. तोफेवरचे पागोटे काढून ठेविले. कित्येक दिवस गडावर कोणीच बोलले नाही, आणि धनगरांस वाटले, फौज गेली. पुढे एका बाजारच्या दिवशी दुपारी खालून धाकूची हाळी आली, “हवालदार, खालच्या दाराशी या! पाहुणं हाय, वर येत न्हाई म्हनतंय!” खेमाजी धावत उतरले. दरवाजाच्या बाहेर, उंबरठ्याला लागून, बाजाराची पिशवी मांडीशी घेऊन दर्याबाई बसली होती. धाकू पाणी पिण्याचे निमित्त काढून निघून गेला. खेमाजी आतल्या बाजूस उभे राहिले आणि म्हणाले, “सनद मिळाली नाही.” “होते की मी तिथं. माझी बाजू मांडलीत. बायका रडल्या. माझी वहिनी अजून रडते आहे.” “बरी मांडली ना?” “चुकीची मांडलीत.” आणि बाई पुढे बोलिली, “वाऱ्याला कंटाळून नव्हते गेले मी. मी गेले, ते मागून तुम्ही येता का बघायला. तुम्ही पेट्या मागवल्यात. दोनदा शहरात गेलात, दोन्ही वेळा माझ्या भावाच्या दारावरून गेलात, मी दारात उभी होते, आणि तुम्ही सरळ पुढं गेलात.” “हुकूम शहराचा होता. मधे थांबायचा नव्हता.” “हो ना. आता द्या उत्तर.” आता गंमत पाहा: हवालदारांनी तोंड उघडले आणि आपल्या बाजूने एक शब्द सापडेना. आणि जेव्हा आपल्या बाजूचे संपते तेव्हा त्यांचे पाय काय करीत ते आपण जाणताच. पाय निघाले आणि उत्तर करावयास समोरच्या बाजूस गेले, आणि समोरची बाजू दरवाजाबाहेर होती. उंबरठा मागे पडला तेव्हा त्यांस कळले. पाहतात तो तेथे बोलणारे माणूस आधीच बसलेले. दर्याबाईंनी पिशवी अंमळ बाजूस घेतली. खेमाजी खाली बसले आणि बोलिले, “बोल पुढं.”

मग बाई बोलत राहिली आणि हवालदार ऐकत राहिले आणि बाजार उठला, आणि बाई भावाच्या गावी गेली आणि हवालदार एकटे गड चढले, कारण सनद नव्हती आणि चाकरी होती.

एकंदर मजकूर इतका. बापूराव पुढे फार मोठे वकील जाहले आणि सदरहूप्रमाणेच राहिले. खेमाजी पुन्हा परीक्षेस बसले की नाही, हे आम्हांस ठाऊक नाही. दर बाजारी दुपारभर गड राखणीवाचून मोकळा पडे आणि दरबारास अद्याप पत्ता नाही, एवढे मात्र खात्रीचे. शत्रू काही आला नाही. आला असता तरी दरवाजातल्या त्या दोघांचे भांडण संपेपर्यंत त्यास बाहेरच थांबावे लागते.