वेबसाईटची हळद

गर्दी कशी जमवायची, हे दिनानाथ घरतला कुणी शिकवायची गरजच नव्हती! पळस्प्यापासून उरणपर्यंत गेल्या वीस वर्षांत ज्या ज्या हळदीला पाय ठेवायला जागा उरली नाही, त्या त्या हळदीचा मंडप त्याचाच होता. निदान तो तसं सांगायचा. म्हणूनच पुतणी रोशनीने मोबाईल पुढे धरून, "काका, आपल्या वेबसाईटवर महिन्याभरात नऊ वेळा माणूस आलं," असं सांगितलं, तेव्हा त्याचा पाराच चढला.

"नऊ? अगं, आपल्या गोडाऊनमदी याच्यापेक्षा जास्त मांजरी येतात!"

"आणि त्या नवांतल्या सात वेळा तुम्हीच आलाय काका."

ही वेबसाईट रोशनीने कॉलेजच्या सुट्टीत खपून बनवली होती. 'घरत मंडप डेकोरेटर्स, पळस्पे.' एरवी दिनानाथने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. पण द्रोणागिरीच्या कमळाकर शेठचा फोन आला होता. मुलीचं लग्न, तीन दिवसांचा मंडप, असं काम सीझनमध्ये एकदाच येतं! दोघांची कधी भेट नव्हती, नुसतं नाव ऐकून शेठने फोन केला होता. "आमची पोरगी सगलं मोबाईलवर बगते. रोडपालीवाल्याची वेबसाईट तिला आवडलीय. पन तुमचं नाव बी चांगलं हाय म्हनतात. आमी बगतो आनि सोमवारी सांगतो."

रोडपालीवाला! दिनानाथच्या हाताखाली ज्याने दोऱ्या वळल्या, तो! आणि आता त्याच्या वेबसाईटवर म्हणे वरून फुलं पडतात!

"ते काय नाय," दिनानाथ गरजला, "सोमवारच्या आत आपल्या वेबसाईटवर मानूस मावता कामा नये!"

रोशनीने बिचारीने नीट समजावलं. जुन्या कामांचे फोटो टाकूया. मंडप उभा राहतानाचे छोटे व्हिडिओ टाकूया. लोक काही विचारतील त्याला गोड उत्तरं देऊया. ज्यांची कामं केली त्यांना दोन चांगले शब्द लिहायला सांगूया. असं हळूहळू नाव होतं.

"हलूहलू म्हातारपन येतं! तू गप बस. माज्याकडं वॉट्सपचे एकेचालीस ग्रूप हायत."

आणि तिला न विचारता त्याने थेट पनवेलच्या कार्डवाल्याचं दुकान गाठलं. त्याचा हिशोब सरळ होता. माणूस बोलवायचा तर कार्ड लागतं. वीस वर्षांत बिनकार्डाचा माणूस त्याने पाहिला नव्हता. कार्डवाल्याने जुनंच लग्नाचं कार्ड काढलं, नावं तेवढी बदलली. वर गणपती. खाली 'आमचे येथे श्रीकृपेकरून चि. सौ. कां. वेबसाईट हिचा उद्घाटन समारंभ करण्याचे योजिले आहे.' त्याखाली चौदा काका, नऊ मामा, आणि कोपऱ्यात घरातल्या पोरांचं 'आमच्या वेबसाईटला यायचं हं!'

"वेळ, ठिकाण, जेवण काय टाकू?" कार्डवाल्याने विचारलं.

"टाक ना! रविवारी संध्याकाली सात. ठिकान आपलं गोडाऊन. भोजन आपल्या आगमनापर्यंत. बिनजेवनाचं कार्ड काय मयताचं हाय का?"

त्याच्या मते यात काहीच चूक नव्हती! जेवणाची ओळ ही कार्डाची रीत. ती नसेल तर लोक कार्ड वाचत नाहीत, उलट अपमान मानतात. आता वेबसाईट मोबाईलमध्ये असते, तिथे कोण जेवायला येणार? एवढं तर शेंबड्या पोरालाही कळतं! सात वाजले की लोक आपापल्या घरी बसून वेबसाईट उघडतील. तिचा पत्ता कार्डावर होताच. अगदी तळाला, 'कृपया आहेर आणू नये'च्या खाली, मुंगीच्या अक्षरात.

कार्ड एकेचाळीस ग्रूपवर गेलं. तिथून पुढे कुठे कुठे गेलं, ते त्या गणपतीलाच ठाऊक.

रविवारी पावणेसातला दिनानाथ गोडाऊनच्या दारात बनियनवर, खुर्ची टाकून, मोबाईल हातात घेऊन बसला. शेजारी रोशनी लॅपटॉप उघडून बसली होती. कार्ड तिने नुकतंच पाहिलं होतं आणि तळाचा पत्ता ती डोळे बारीक करून शोधत होती.

"आता बग सात वाजता कशी गर्दी लोटते!"

आणि लोटली! पहिल्यांदा दोन टेम्पो आले. मग रिक्षा, मग मोटारसायकली, मग नटूनथटून, गजरे माळून बायका. साडेसातला गोडाऊनसमोर तीनशे माणूस उभं होतं आणि वेबसाईटवर एक. तो एक म्हणजे रोशनी.

"दिनानाथ, कार्ड लय भारी हाय! पन नवरी कोन?"

"नवरी नाय रे, वेबसाईट हाय!"

"हां हां, तीच. कुठल्या गावची?"

त्यात लग्नाचे धवळे गाणारी मालूआजी पुढे आली. आजीच्या गाण्याशिवाय पंचक्रोशीत एक हळद लागत नव्हती. तिने हळदीची वाटी बरोबरच आणली होती. "नवरा नाय, नवरी नाय, मंग हलद कुनाला लावायची रे?"

कुणीतरी वात्रटाने लॅपटॉपकडे बोट दाखवलं. आजीने घसा साफ केला, पहिली ओळ उचलली आणि रोशनी "आजी, नको!" म्हणेपर्यंत पाच बोटं हळद लॅपटॉपच्या बटणांवर चोळूनही झाली होती. मागून सात सवाष्णी रांगेत उभ्या! लॅपटॉपने एकदा डोळा मिचकावला आणि मान टाकली.

दिनानाथ नुसता पेटला. "अरे, कार्ड वाचता येत नाय का तुमाला? मोबाईलवर यायचं होतं, मोबाईलवर!"

"मोबाईलवर जेवन कसं वाडनार?" मागून आवाज आला, आणि तो प्रश्न सगळ्यांना एकदम पटला.

तेवढ्यात घरातून गुणाबाई आली. तिने गर्दी पाहिली, कार्ड पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेनेच दिनानाथचा अर्धा आवाज बसला.

"दारात आलेलं मानूस उपाशी गेलं तर तोंड दाखवायला जागा राहनार नाय," ती म्हणाली. "अंगात शर्ट घाला आनि खुर्च्या काडा!"

पुढे जे झालं त्याला मात्र तोड नव्हती. चाळीस मिनिटांत मंडप उभा राहिला, झालर लागली, झुंबर पेटलं. भाड्याने द्यायची पातेली गोडाऊनमध्ये होतीच. गुणाबाईने शेजारच्या वाण्याकडून तांदूळ-डाळीच्या गोण्या उचलल्या, चार जावांना हाक मारली आणि साडेनवाला पंगत बसली. गरम खिचडी, वर तूप, पापड, कैरीचं लोणचं.

लोकांनी आभार मानायचे की नाही? पण छे!

"खिचडी? रविवारची हलद आनि खिचडी?"

"मटन नंतर हाय का?"

"रोडपालीवाल्यानं असं कंदी केलं नसतं!"

या शेवटच्या वाक्यावर दिनानाथचा तोल सुटला. आपला तांदूळ खायचा, वेबसाईट बघायची नाही, आणि वर नाव घ्यायचं कुणाचं, तर त्या दोऱ्या वळणाऱ्याचं! त्याने मोबाईल काढला, व्हिडिओ चालू केला आणि पंगतीसमोरून फिरवत सुरू झाला.

"बगा, बगा ही जनता! कार्ड वाचायचं नाय, नुसता वास घेत यायचं! हे बगा फुकटे! हा बगा, कसा दोनी हातांनी वरपतोय! कोन हाय, कुठला हाय, ओलख ना पालख! अशा भुक्कड लोकांपायी धंद्याचं वाटोलं होतं!"

"काका, टाकू नका हां कुठे," रोशनी हळद पुसता पुसता ओरडली. पण काकांनी तो व्हिडिओ वेबसाईटच्या पत्त्यासकट एकेचाळीसच्या एकेचाळीस ग्रूपवर आणि आणखी जिथे जिथे टाकता येतो तिथे टाकलाही होता. मनातलं ओकून टाकल्यावर त्याला शांत झोप लागली.

सकाळी रोशनीने हलवून उठवलं. "काका, वेबसाईटवर साठ हजार लोक!"

दिनानाथ टुणकन उठून बसला. "साठ हजार! काय म्हनलो होतो मी? हलूहलू म्हनं! एका रात्रीत केलं का नाय नाव?"

"लोकांनी काय लिहिलंय ते तरी वाचा."

त्याने ऐटीत चष्मा चढवला. 'आलेल्या पाहुण्याला भुक्कड म्हणणारे डेकोरेटर.' 'यांच्याकडे जाताना डबा घेऊन जा.' एकाने तर एकच तारा देऊन लिहिलं होतं, 'मंडप उत्तम, खिचडी फर्मास, मालक आवरा.'

"जलतात!" दिनानाथने चष्मा भिरकावला. "समदे जलतात माज्यावर!"

एवढ्यात फोन वाजला. कमळाकर शेठ! दिनानाथने घसा खाकरला, आवाजात लोणी आणलं. "बोला शेठ! वेबसाईट बगितली का? साठ हजार मानूस येऊन गेलं. असा डेकोरेटर रायगडात दुसरा नाय!"

"वेबसाईट नाय बगितली," शेठ शांतपणे म्हणाले. "कार्ड आलं होतं, म्हनून काल मीच आलो होतो. म्हटलं, न सांगता जाऊन काम बगावं. चालीस मिनटांत मंडप उबा केलात. मी तिथंच ठरवलं होतं, काम तुमालाच द्यायचं."

"देव पावला शेठ! मंग भेटला का नाय? पानसुपारी तरी केली असती!"

"भेटलो ना. तुमी माजा व्हिडिओ पन काडलात."

दिनानाथने रोशनीकडे पाहिलं. रोशनीने आपल्या मोबाईलवर तो व्हिडिओ लावून समोर धरला. 'हे बगा फुकटे!' असं म्हणत कॅमेरा वळतो, आणि समोर पांढऱ्या शर्टातला, भारदस्त मिशांचा, दोन्ही हातांनी मन लावून खिचडी वरपणारा गृहस्थ!

"आमच्या व्याह्यांनी सकाली मला धाडला. चौदा नातेवाइकांनी बी धाडला. मंडप रोडपालीवाल्याला दिलाय. वयनींना द्या जरा फोन."

फोन गुणाबाईकडे गेला. ती पदर सावरून "हां भाऊ, हां भाऊ" म्हणत राहिली, मग हसली, मग लाजली. फोन ठेवून तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"तीन दिवसांचं जेवन आपल्याला सांगितलंय. त्यांना खिचडी लय आवडली. पन एक अट हाय."

"कसली अट?" दिनानाथ तावातावाने म्हणाला.

"वाडायला तुमी नको म्हनाले."