चक्कीत अडकलेलं हसू

एका जंगलात सिंहमहाराजांचं स्वयंपाकघर होतं, बाळांनो, आणि त्या स्वयंपाकघरात एक चक्की होती. पिठाची नव्हे, खरकट्याची. मोरीच्या भोकाखाली बसवलेली. वरून हाडं, सालं, उरलंसुरलं ढकलायचं आणि बटण दाबायचं. घर्रर्र करून सगळ्याचा लगदा व्हायचा आणि नळीतून वाहून जायचा.

तिथे स्वयंपाक करायची सोनाक्का अस्वल. वीस वर्षं करत होती. बाई मोठी सरळ. आमटीत मीठ जास्त पडलं, तर महाराजांनी घास घ्यायच्या आधीच सांगून टाकायची.

महाराजांच्या जेवणाची यादी वडाला टांगलेली असायची. रोज एक प्राणी. कुणी कुरकुर करत नसे, कारण यादीतलं अक्षर फार सुंदर होतं.

एके सकाळी न्याहारी झाली आणि महाराजांचा ताटावरच डोळा लागला. सोनाक्काने अलगद ताट काढलं, मोरीत खरवडलं आणि बटण दाबलं.

खड्. खड्. खडाक्!

मग नुसतं घुंऽऽ. मग तेही नाही.

दुपारपर्यंत मोरी तुंबली. वास दरबारापर्यंत गेला. पण दरबाराचं वासाकडे लक्षच नव्हतं. कारण महाराज पंजाने तोंड झाकून उभे राहिले होते आणि सांगत होते, "मी आजपाफून मांफ फोडलं! यापुढे फगळे प्राणी माझे फोबती!"

महाराजांनी मांस सोडलं! हरणं रडली. ससे एकमेकांच्या गळ्यात पडले. आता 'स'चा 'फ' का झाला, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. दरबाराने ठरवलं, ही व्रताची भाषा असणार. तासाभरात सगळे अधिकारी तसंच बोलू लागले.

चक्की तपासायला मुख्य यंत्रतज्ज्ञ कपिराव माकड आले. सोबत एक बगळा आणि एक जाडजूड पुस्तक.

"बटण दाबून पाहिलंत?" कपिरावांनी विचारलं.

"पाहिलं," सोनाक्का म्हणाली.

"पुफ्तकात लिहिलंय, पुन्हा दाबा."

पुन्हा दाबलं. घुंऽऽ.

"दमलीय बिचारी," कपिराव म्हणाले. "झोपू द्या तिला."

आणि खरंच, बाळांनो, त्यांनी मोरीपुढे मांडी घालून चक्कीला अंगाई म्हटली. बगळ्याने साथ दिली. घाण पाण्यात पाय बुडवून सोनाक्का उभी राहिली. तिला चूल पेटवायची होती.

अंगाई संपल्यावर बगळ्याने भोकात चोच घातली, एक डोळा लावला आणि दचकून मागे सरला.

"फाहेब! आत कुणीतरी हफतंय!"

कपिरावांनी लगेच अहवाल लिहिला. चक्की बंद पडलेली नाही. ती आनंदात आहे. महाराजांच्या निर्णयामुळे तिला हसू आवरत नाहीये. तिला कुणी त्रास देऊ नये.

अहवाल मोरीवर चिकटवून दोघं निघून गेले.

सोनाक्काने पदर खोचला. आधी चक्कीची वायर काढली. मग लाकडी उलथन्याचा दांडा भोकात घालून जोर लावला आणि आतलं पातं उलटं फिरवलं. कटकन काहीतरी सुटलं. तिने चिमटा घातला आणि ते वर ओढलं.

दात. वरचे आणि खालचे, दोन्ही. रानडुकराच्या सुळ्यांतून कोरलेली अख्खी कवळी. डाव्या सुळ्याचा टवका उडालेला. हा टवका ती गेली वीस वर्षं महाराजांच्या जांभईत पाहत आली होती.

सोनाक्का मटकन खाली बसली. व्रत कसलं आणि भाषा कसली, सगळं तिच्या ध्यानात आलं. ताट तिनेच खरवडलं होतं.

आता सरळ जायचं, दात धुऊन महाराजांपुढे ठेवायचे आणि माफी मागायची. ती उठलीही. तेवढ्यात मागच्या दाराने चंद्री हरणी आत आली. तिच्याबरोबर तिचं पाडस होतं आणि तोंडात मेथीची जुडी.

"आक्का, मेथी आणलीय. महाराजांना आता लागेल ना?" जुडी खाली ठेवत चंद्री म्हणाली. "उद्या माझा नंबर होता बघा यादीत. सकाळी मी याला बहिणीकडे सोडून आले होते. आत्ता परत घेऊन आले."

सोनाक्काने दात पदराखाली धरले. पाडसाने तिचा केसाळ पाय हुंगला आणि त्याला शिंक आली.

बाहेर जड पावलं वाजली. चंद्री पाडसाला घेऊन सवयीने पळाली.

महाराज आत आले. वाकून मोरीत पाहिलं. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"फोनाक्का, आत काही फापडलं का?"

वीस वर्षांत तिने मिठाबद्दलसुद्धा खोटं सांगितलं नव्हतं.

"नाही महाराज," ती म्हणाली. "आत काहीच नव्हतं."

"मग फुरू कर."

तिने वायर जोडली आणि बटण दाबलं. घर्रर्र! चक्की नव्यासारखी फिरली. तुंबलेलं पाणी गुळगुळ करत उतरलं.

महाराजांचा चेहराही पाण्याबरोबर उतरला. आपल्या दातांचं पीठ होऊन ते गेलं, असं त्यांना वाटलं. आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

"महाराज, काही हरवलंय का?" सोनाक्काने विचारलं.

"फिंहाचं काय हरवणार?" महाराज म्हणाले. थोडा वेळ ते तिथेच घुटमळले. मग हळूच म्हणाले, "खिचडी जरा मऊ कर."

तिने मऊ केली. वर तूपही जास्त घातलं. महाराज जेवत असताना ती परसात गेली आणि दात राखेच्या ढिगात खोल पुरून आली. परत येताना तिला भूक सपाटून लागली होती. पातेल्यातली उरलेली खिचडी ती उभ्याउभ्याच जेवली.

दुसऱ्या दिवशी यादी वडावरून उतरवली. चक्की दुरुस्त केल्याबद्दल कपिरावांचा दरबारात सत्कार झाला. त्यांनी ती अंगाई पुन्हा म्हणून दाखवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि सर्वांत जोरात वाजवल्या त्या सोनाक्काने.

तात्पर्य : बाळांनो, नेहमी खरं बोलावं. समोरच्याला दात नसतील, तर मात्र सक्ती नाही.