तड्याचा क्लोज-अप

चामराजपेटच्या भाड्याच्या घरात सासूबाई पहिल्यांदाच राहायला येणार होत्या आणि हॉलच्या भिंतीवर, नेमका सोफ्याच्या वर, केसाएवढा तडा होता. नागपूरच्या बंगल्यातून येणारी नजर आधी तिथंच जाणार, हे उपेंद्र ओळखून होता.

घरमालक शिवाप्पा मूळचे बेळगावकडचे. कन्नड आणि मराठी दोन्ही फर्डं बोलत. मात्र "करून देतो" हे दोन्हींत येत नसे.

"प्लास्टर कशाला? स्वल्प रेघ आहे ती!"

मग बारीक गोष्ट भलीमोठी दिसावी म्हणून उपेंद्रनं कॅमेऱ्याची लेन्स उलटी बसवली, नाक भिंतीला टेकेल इतका जवळ गेला आणि बायकोला, हेमलताला, टॉर्च बाजूनं तिरपा धरायला लावला. तड्यात काळीशार सावली पडली. शेजारी काडेपेटी ठेवली असती तर खरा आकार कळला असता. म्हणूनच ठेवली नाही.

फोटो हातात घेताच शिवाप्पा खुर्चीत बसले. रेघेची दरी झाली होती आणि काठावर एक मुंगी म्हशीच्या थाटात उभी होती.

"अय्यो! ही आपलीच भिंत?"

"आपलीच, अण्णा. कॅमेरा खोटं बोलतो होय?"

"मग घर पाडायलाच हवं. कुणाच्या डोक्यात पडलं तर? या महिन्यात रिकामं करा."

"घ्या!" हेमलता दारातून म्हणाली. "आता आईला फुटपाथवर उतरवा."

उपेंद्रनं घाईघाईनं लेन्स, टॉर्च, सावली सगळं कबूल केलं. तड्यावर काडी आडवी धरून त्याची जाडी दाखवली. काडीच जाड निघाली.

शिवाप्पांनी शांतपणे विचारलं, "म्हणजे भिंत पक्की?"

"दगडासारखी."

"आणि फोटोत?"

"आज ना उद्या कोसळणारी."

"सरी, बरं तर," म्हणत त्यांनी फोटो खिशात घातले.

रविवारी त्यांचा धाकटा भाऊ मंजुनाथ देवनहळ्ळीहून घराचा अर्धा वाटा मागायला आला. अंगणातच फोटो पाहिले. त्याचा आत यायला पाय उचलेना. कॉफीही त्यानं फाटकाशी उभ्यानंच घेतली.

"घर तुम्हालाच राहू दे, अण्णा. मला शेत पुरे," म्हणून तो गेला.

उपेंद्र हरखला. "अण्णा, आता तरी प्लास्टर?"

"खुळे का काय तुम्ही! वाटणीच्या कागदावर त्याची सही होईपर्यंत भिंतीला बोट लावायचं नाही. गवंडी दिसला की आलाच तो परत."

"अहो, पण सासूबाई परवा येताहेत. महिनाभर राहणार!"

"मग त्यांनाही फोटोच दाखवा की. आल्या गाडीनं परत जातील."

उपेंद्रनं स्वयंपाकघराकडं एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"मुंगीवाला जरा परत देता?"