हेच आमंत्रण समजावे

धनीरामच्या हातातला कागद चार ओळींचा होता आणि त्या चारही ओळी त्याला बोचत होत्या. अर्जुनी मोरगावच्या बसस्थानकामागे त्याचं लग्नपत्रिका छापायचं दुकान. सव्वीस वर्षांत तालुक्यातली निम्मी लग्नं त्याच्या शब्दांनी बोलावली गेली होती. मामाचं नाव काकाच्या वर गेलं तर मांडवात काय होतं, हे त्याला ठाऊक होतं. आणि त्याच्या सुनेने, रश्मीने, लिहिलं होतं: ‘एका व्यक्तीचा एकच व्हिडिओ. वेळ एक मिनिट. फोन आडवा धरावा. नियम मोडल्यास व्हिडिओ बाद.’

“हे काय तहसीलची नोटीस होय?” धनीराम म्हणाला. “असं लिवलं त कोन पाठवन वं?”

“मामाजी, शर्त नाही लिहिली ना, तो सब गडबड होईल,” रश्मी संगणकावरून मान न उचलता म्हणाली. ती गोंदियाकडची, बिरसीची. तिच्या बोलण्यात हिंदी भातातल्या खड्यासारखी अधूनमधून लागायची. “नंतर मला नका बोलू.”

प्रकरण होतं संमेलनाचं. दुर्गेश्वरीबाईंनी तीस वर्षं झाडीपट्टीतल्या मंडपांत नाटकं केली. धान कापून झालं की गावोगाव त्यांच्या नावाचे फलक लागत आणि माणसं बैलगाड्यांनी, पुढे मोटरसायकलींनी, त्यांना रडताना पाहायला जात. आता गुडघे थकले म्हणून त्यांनी रंगमंच सोडला होता. त्यांच्या रसिक मंडळाने सांस्कृतिक भवनात संमेलन ठेवलं. सत्काराआधी अर्धा तास रसिकांनी स्वतः काढलेले व्हिडिओ पडद्यावर दाखवायचे, बाईंनी समोर बसून पाहायचे. मंडळाचे अध्यक्ष टेकचंद गुरुजींनी निवेदन लिहायचं काम चिटणीस धनीरामवर टाकलं. पत्रिका लिहिणाऱ्याला चार ओळी जड नाहीत, असं त्यांचं मत.

धनीरामला त्या अर्ध्या तासातलं एक मिनिट स्वतःसाठी हवं होतं. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. सत्तावीस वर्षांपूर्वी तालुक्यातल्याच प्रतापगडच्या पायथ्याच्या एका गावात ‘उंबरा मागे राहिला’ हे नाटक होतं. तिसऱ्या अंकात दुर्गेश्वरीबाई भावासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांचं वाक्य हरवलं. विंगेतून वाक्यं सांगणाऱ्या माणसाच्या कंदिलाची काच तडकली होती, त्याला वही दिसेना. हजार माणसं श्वास धरून बसली. पहिल्या रांगेतल्या धनीरामने ते नाटक तोवर अकरा वेळा पाहिलेलं. त्याने पुटपुटल्यासारखं म्हटलं, ‘या घराचा उंबरा मला ओळखतो, दादा.’ पुढच्या क्षणी तेच वाक्य बाईंच्या तोंडून आलं आणि मंडप हुंदक्यांनी भरला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. त्यांना ऐकू गेलं होतं, की वाक्य त्यांचं त्यांनाच सापडलं होतं? सत्तावीस वर्षं धनीराम हा प्रश्न खिशात घेऊन फिरत होता. आता एका मिनिटात तो पडद्यावरून त्यांना विचारणार होता.

त्याने रश्मीचा कागद बाजूला सारला आणि हाताला जे वळण होतं त्याच वळणाने लिहिलं: ‘आपल्या लाडक्या दुर्गेश्वरीबाईंचा सत्कार करण्याचे योजिले आहे. तरी या मंगलप्रसंगी आपण आपला व्हिडिओ सहकुटुंब, सहपरिवार, आप्तेष्टांसह, सवडीने व अगत्याने पाठवून कार्याची शोभा वाढवावी. वेळेअभावी घरोघरी येणे झाले नाही, तरी हेच आमंत्रण समजावे. कृपया आहेर आणू नये.’ शेवटची ओळ सवयीने आली. वर कोपऱ्यात गणपती टाकून त्याने ते तालुक्यातल्या सगळ्या व्हॉट्सॲप गटांवर सोडलं.

दोन दिवस कोणी व्हिडिओ पाठवला नाही. तिसऱ्या दिवशी चुलतभाऊ बकाराम दुकानात आला, स्टुलावर बसला आणि पाणी नको म्हणाला. पाणी नको म्हणणं म्हणजे भांडण आहे.

“मोबाईलवर बलावते का गा कोनी?” तो म्हणाला. “माह्या पोरीच्या लग्नात मी तुह्या दारी अक्षता घेऊन आलो होतो का नाई?”

धनीरामने समजावलं की लग्न नाही, व्हिडिओ पाठवायचा आहे.

“मंग ‘घरोघरी येणे झाले नाही’ असं काऊन लिवलं? घरी याचं होतं, हे तुले ठाव होतं. आला नाई, हेही तुले ठाव होतं. आन् वरतून लिवून पाठवतं?”

सव्वीस वर्षं हजारो पत्रिकांवर ही ओळ धनीरामने छापली होती, पण त्या पत्रिका घेऊन कोणी ना कोणी दारात जातच असे. ओळ फक्त शोभेला असते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती खरी मानून घरी बसलेला माणूस तालुक्यात तो स्वतःच पहिला निघाला होता.

दुसऱ्या दिवशी पिशवीत हळदीच्या अक्षता घेऊन धनीराम निघाला. बकारामच्या उंबऱ्यावर अक्षता ठेवल्या, तर शेजारच्याने पाहिलं. शेजाऱ्याकडे गेला, तर त्याच्या साळ्याचं गाव आलं. एका दारात अक्षता पडल्या की पुढचं दार टाळणं म्हणजे वैर. तलावाच्या पाळीपाळीने, बांधांवरून, जंगलातल्या टोल्यांपर्यंत, चार घरांच्या वस्त्यांपर्यंत, तो आठ दिवस फिरला. प्रत्येक ठिकाणी चहा झाला, प्रत्येक ठिकाणी त्याने व्हिडिओ म्हणजे काय ते सांगितलं आणि प्रत्येक ठिकाणी म्हातारीने विचारलं की नवरा कोण आहे. व्याह्यांना वगळणं शक्यच नव्हतं, म्हणून जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, बिरसीलाही, रेल्वेने जाऊन आला.

घरी रुख्मा, त्याची बायको, दारात आलेल्यांचं पाहत होती. कारण आता लोक व्हिडिओ काढून घ्यायला त्याच्याच अंगणात येऊ लागले होते. ‘आहेर आणू नये’ हे वाचून काहींना वाटलं की आहेर अपेक्षित आहे पण सांगायला संकोच वाटतो आहे, त्यांनी ब्लाउजपीस आणले.

“तुमी आता त्या बाईचं लगनच लावून टाका,” रुख्मा म्हणाली. “मांडव तेवढा बाकी आहे.”

मग व्हिडिओ आले. आले ते पावसाळ्यातल्या पाखरांसारखे, थव्याने. एकशे त्रेचाळीस. ‘सहकुटुंब’ लिहिल्यामुळे प्रत्येकात घरचे सगळे होते आणि ‘आप्तेष्टांसह’ लिहिल्यामुळे बाकीचेही. ‘सवडीने’ असल्यामुळे कोणी घाई केली नव्हती. रश्मीने सगळ्यांच्या वेळेची बेरीज केली आणि सासऱ्याला शांतपणे सांगितलं, “सात घंटे, मामाजी.”

टेकचंद गुरुजींना दुकानात बोलावण्यात आलं. त्यांनी चष्मा पुसला. अर्धा तास म्हणजे अर्धाच तास, त्यानंतर सत्कार, त्यानंतर जेवण, आणि भात गार झाला तर संमेलन गेलं, असं त्यांनी सांगितलं. काही व्हिडिओ गाळावेत, असं ते म्हणाले नाहीत. ते याच तालुक्यातले होते. ज्याच्या उंबऱ्यावर अक्षता पडल्या त्याला पंगतीतून उठवता येत नाही.

शेवटी रश्मीनेच भाग दिला. अर्ध्या तासाला एकशे त्रेचाळीस. “प्रत्येकाचे पहिले बारा सेकंद,” ती म्हणाली. “सब को बराबर. कोणी नाराज नाही.”

गुरुजींना न्याय पटला. पण धनीरामचा स्वतःचा व्हिडिओ त्यातच होता, सत्त्याण्णवावा. तो त्याने दुकान बंद करून, भिंतीला पाठ लावून, एकटाच काढला होता. सहा वेळा. सगळ्यात बरा जमला तो शेवटचा, पण त्यातही तोंड उघडल्यावर शब्द यायला चौदा सेकंद लागले होते. ते त्याने मोजले होते.

रश्मीला एवढंच सांगायचं होतं, की पोरी, माझा चौदाव्या सेकंदापासून घे. दोनदा तो तिच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. पण पत्रिकेत स्वतःचं नाव मोठ्या अक्षरात छापणारे यजमान त्याने पाहिले होते, आणि त्यांच्याबद्दल मांडवात काय बोललं जातं तेही ऐकलं होतं. तो परत फिरला.

संमेलनाला भवन भरलं. दुर्गेश्वरीबाई पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर, निळं लुगडं, हातात काठी. त्यांच्या मागच्या रांगेत धनीराम आणि रश्मी. दिवे मालवले, पडदा उजळला.

पडद्यावर एका बाईचा चेहरा आला, फार जवळून. ती म्हणाली, “सुरू झाला काय?” मग चेहरा मागे गेला, तिने पदर सारखा केला, आणि व्हिडिओ संपला.

दुसऱ्यात एक म्हातारा होता. “सुरू झाला काय गा?” त्याने विचारलं. मागून कोणी तरी म्हणालं, “थांब, दाबून रायलो.” संपला.

तिसऱ्यातही विचारणा तीच होती. चौथ्यात अख्खं कुटुंब तांदळाच्या पोत्यांसारखं रांगेत लावलेलं होतं आणि सगळ्यांच्या वतीने एकाने विचारलं. बिरसीच्या व्याह्यांच्या डोक्यावरून तिथल्या धावपट्टीवरचं शिकाऊ वैमानिकाचं विमान गेलं, त्यामुळे त्यांचे फक्त ओठ हलले, पण काय विचारलं ते आता भवनात सर्वांना कळत होतं. बकारामच्या बारा सेकंदांत त्याचा अंगठा होता. अंगठाच. त्याआडून आवाज आला, “हा लाल दिवा काऊन पेटला?”

टेकचंद गुरुजींनी रुमाल काढला. रश्मीने कपाळावर हात मारून घेतला. नियमाप्रमाणे सर्व काही बरोबर झालं होतं. फक्त एकशे त्रेचाळीस माणसांपैकी एकानेही पहिल्या बारा सेकंदांत काही सांगितलं नव्हतं.

आणि भवन खूश होतं. प्रत्येक बारा सेकंदांनी कुठल्या तरी कोपऱ्यातून ‘आमची आजी, आमची आजी’ अशी लाट उठायची. बकाराम शेजाऱ्याला अभिमानाने सांगत होता, “अंगठा माहाच आहे.” दुर्गेश्वरीबाईंचे खांदे हसण्याने हलत होते. तीस वर्षं ज्यांना रडवलं, त्यांनी एका दुपारी सगळी परतफेड केली होती.

मग सत्त्याण्णवावा आला. पडद्यावर धनीराम, मागे रंगीत पत्रिकांचे नमुने. याने कोणाला काही विचारलं नाही. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. तीन सेकंद. पाच. हसणारं भवन हळूहळू थांबलं, कारण माणूस अडकलेला दिसला की झाडीपट्टीचा प्रेक्षक आपोआप गप्प होतो. खुर्चीतल्या धनीरामने मान खाली घातली.

त्या शांततेत पहिल्या रांगेतून आवाज आला. नाटकातला, मंडपभर जाणारा आवाज नव्हता तो. दबका, सपाट, ओठ फार न हलवता, जवळच्यालाच जेमतेम ऐकू जाईल असा. सत्तावीस वर्षांपूर्वी एका माणसाने ज्या आवाजात वाक्य सांगितलं होतं, अगदी तसाच.

“या घराचा उंबरा मला ओळखतो, दादा.”

पडद्यावरचा धनीराम तोंड उघडं ठेवून बघत राहिला. बारा सेकंद संपले.

“मामाजी,” रश्मीने हळूच विचारलं, “बाई काय बोलल्या?”

धनीरामने मान वर केली. पडद्यावर आता प्रतापगडकडची एक म्हातारी आली होती, फोन उलटा धरलेला, डोईवरचं छप्पर खाली आणि ती वर. ती सगळ्या भवनाकडे रोखून पाहत होती.

“सुरू झाला काय?” तिने विचारलं.

“झाला,” धनीराम अंधारात पुटपुटला.