चनमल्लप्पांचा डोळा आणि लाल जाळी

अंगणातल्या ढोबळी मिरचीवर महादेवीबाईंनी हिरवी शेडनेटची जाळी बांधली आणि झाडं नुसती उंच, किडकिडीत वाढत गेली. फूल नाही, मग मिरची कुठली? शेवटी त्या मोहोळच्या नर्सरीवाल्याकडे जाऊन आल्या. तो म्हणाला, पानं हिरवा उजेड फारसा घेत नाहीत, परत टाकतात. हिरव्या जाळीखाली झाडाला सावली मिळते, पण पोटभर जेवण मिळत नाही. लाल जाळी लावा, झाड फांद्या धरेल, फुलावर येईल.

बाईंनी हे घरी येऊन सांगितलं, तर त्यांचे यजमान चनमल्लप्पा हसता हसता खोकायला लागले. "सावली म्हंजे सावली. रंग बघायला झाडाला काय डोळं असत्यात?"

डोळ्यांच्या विषयात चनमल्लप्पांपुढे बोलायचं नाही, असा अक्कलकोट रोड एमआयडीसीत अलिखित नियमच होता. घराला लागून त्यांचा टॉवेलचा कारखाना. रंगवलेलं सूत गिऱ्हाइकाच्या नमुन्याशी ते नुसत्या नजरेनं जुळवायचे. शेजारच्या कारखानदारानं रंग जुळवायला दिव्यांची पेटी आणली, तेव्हा यांनी नाक मुरडलं होतं. दिवा खोटं बोलतो, ऊन बोलत नाही. आणि ऊनसुद्धा आपल्या अंगणातलं, कारण रस्त्यावरच्या उन्हात धूळ असते, असा त्यांचा बाणा होता. त्याच अंगणावर आता लाल जाळी चढली. चनमल्लप्पांनी तिच्याकडे मान वर करून पाहिलंही नाही.

अशात बार्शीचे आबासाहेब आले. धाकट्या मुलीचं लग्न, आहेरासाठी टॉवेल हवे होते. थोरलीच्या लग्नात दिलेला मोतिया रंगाचा टॉवेल त्यांनी नमुना म्हणून ठेवून दिला. रंग तोच पाहिजे, नाहीतर धाकटीच्या सासरचे म्हणतील आमच्यात भेद केला, असं त्यांनी बजावलं. चनमल्लप्पांनी फक्त स्वतःच्या डोळ्याकडे बोट दाखवलं.

रंगारी गुंडा सुताच्या लडी घेऊन आला. चनमल्लप्पांनी अंगणात नमुना पसरला, शेजारी एकेक लड ठेवली आणि एक पसंत केली. गुंडा ती घेऊन फाटकाबाहेर गेला आणि उलट पावली परत आला. लड गुलाबी आहे म्हणाला. अंगणात पुन्हा नमुन्याशेजारी धरली, तर तंतोतंत जुळली. तो बाहेर गेला, आत आला, पुन्हा बाहेर गेला. असं बरंच झाल्यावर चनमल्लप्पांना त्याची दया आली आणि त्यांनी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथून गुंडा डोळे ठणठणीत असल्याचं ऐकून आला आणि निमूटपणे त्याच रंगात सगळं सूत बुडवून मोकळा झाला.

माल विणून तयार झाला. टेम्पोवाल्या नागनाथनं पहिला गठ्ठा रस्त्यावर नेला आणि विचारलं, हा गुलाबी माल कुणाचा? त्यालाही डॉक्टरांकडे पाठवण्यात आलं. मग चनमल्लप्पा स्वतः टेम्पोपाशी गेले, तर त्यांनाही माल गुलाबीच दिसला. आयुष्यभर ज्या डोळ्यावर नाव कमावलं, तोच ऐन वेळी दगा देत होता. एक टॉवेल खांद्यावर टाकून ते तडक त्याच डोळ्यांच्या डॉक्टरांच्या, चैतालीबाईंच्या, दवाखान्यात पोचले.

"तुमच्या कारखान्यात काही साथ आलीय का?" बाईंनी विचारलं. तपासून झाल्यावर त्या म्हणाल्या की नजर उत्तम आहे, मोतीबिंदूही नाही.

"मग ह्यो टॉवेल गुलाबी का दिसतोय?"

"काका, तो गुलाबीच आहे."

चनमल्लप्पा घरी येऊन अंगणात बाजेवर आडवे झाले. महादेवीबाईंनी स्वयंपाकघरातून दुधाचा पेला आणून हातात दिला. त्यांनी पेल्यात पाहिलं आणि ताडकन उठून बसले.

"दुधात काय घातलंस?"

"काय न्हाई. वर बघा."

चनमल्लप्पांनी प्रथमच मान वर केली. लाल जाळीतून ऊन गाळून येत होतं आणि खाली मिरचीला पांढरी फुलं लागली होती, तीही गुलाबी दिसत होती. म्हणजे उजेडाचा रंग झाडाला कळला होता, आणि कळला नव्हता तो चनमल्लप्पांना.

दुसऱ्या दिवशी आबासाहेब आले. त्यांनी अंगणातच टॉवेल नमुन्यावर ठेवला आणि वाहवा केली. रंग तसूभर हललेला नाही, असा डोळा जिल्ह्यात नाही, असं ते म्हणत होते. गप्प राहिलं असतं तर नाव शाबूत राहिलं असतं. चनमल्लप्पांना तो मोह झालाही. पण डोळ्याची लाज राखायला तोंड खोटं बोलणार, हे त्यांना पटेना.

"आबासाहेब, जरा रस्त्यावर चला."

रस्त्यावर नमुना मोतिया होता आणि टॉवेल सरळ गुलाबी. चनमल्लप्पांनी सगळं सांगून टाकलं आणि सगळा माल पुन्हा विणून देतो म्हणाले. लग्न चार दिवसांवर आलेलं, तेवढ्यात ते होणार नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. आबासाहेब बराच वेळ टॉवेल उलटसुलट करत राहिले. मग त्यांनी मांडववाल्याला फोन लावून वरच्या कापडाचा रंग विचारला. लाल होता.

"जमलं," ते म्हणाले. "मांडवात समद्यांना मोतियाच दिसंल."

"आन् घरी गेल्यावर?"

"आहेराचा टॉवेल घरी कोण उघडतंय, अप्पा? तो तसाच फुडच्या लग्नात दुसऱ्याला जातोय. थोरलीच्या लग्नातला ह्यो एक नमुना घावाया मला चार घरं धुंडावी लागली."

लग्न थाटात पार पडलं. चनमल्लप्पांच्या डोळ्याची बार्शीतही वाहवा झाली. ती ऐकताना ते खाली मान घालायचे आणि लोक त्याला विनय समजायचे. रंग मात्र आता ते रस्त्यावर, धुळीत उभं राहून जुळवतात, आणि गुंडाला आधी विचारतात.

पुढच्या लग्नसराईत मोहोळच्या नर्सरीवाल्याकडे कार्य निघालं. चनमल्लप्पांना मानानं टोपी, टॉवेल, नारळ मिळाला. घरी येऊन त्यांनी अंगणात टॉवेल उलगडला. छान मोतिया होता. मग काय वाटलं कुणास ठाऊक, ते तो घेऊन फाटकाबाहेर गेले आणि तसेच परत आले.

महादेवीबाईंनी एका नजरेत ओळखलं. "आपलाच का?"

चनमल्लप्पांनी मान हलवली आणि टॉवेल जशाच्या तशा घडीत घालून कपाटात ठेवला. पुढच्या महिन्यात बार्शीला आबासाहेबांच्या पुतण्याचं लग्न होतं.