अंगठाभर कागद

फ्रेमच्या धंद्यात मला कोणी शिकवायला येऊ नये. बावीस वर्षं झाली. लग्नाचे फोटो, पदव्या, एका गिऱ्हाइकाच्या लाडक्या कुत्र्याच्या पंजाचा ठसा, सगळं मी काचेमागे बसवलंय. त्यामुळे सहा वर्षांच्या लेकीच्या चित्राचं कौतुक मला जमत नाही असं मेहुणी म्हणाली, तेव्हा मला हसूच आलं.

ते खातं बायकोकडे होतं. चित्र आलं की ती लेकीशेजारी जमिनीवर बसायची आणि तासभर विचारत राहायची, हे कोण, ते काय. मी "छान" म्हणून ताटावर बसायचो. बायको जाऊन आठ महिने झाले. लेक आता चित्रं दप्तरातून बाहेरच काढत नाही.

"भावोजी, नुसतं छान म्हणू नका," मेहुणीने बजावलं. "शेजारी बसा. विचारा."

विचारायचं काय त्यात? मी दप्तरातलं चित्र गुपचूप दुकानात नेलं आणि महापौरांच्या फोटोसाठी राखून ठेवलेली शिसवी लाकडाची फ्रेमपट्टी काढली. महापौर काही कधी आले नव्हते.

रविवारी चित्र भिंतीवर लागलं. मेहुणीला बोलावलं, वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांना बोलावलं. वर झाकलेला टॉवेल मी असा झोकात ओढला की खिळाही सोबत यायचा राहिला! मास्तर दोन पावलं मागे सरकून म्हणाले, आकाश फार खोल आहे. मेहुणीने टाळ्या वाजवल्या. माझी छाती कपाटाएवढी झाली.

लेकीने चित्र डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. मग विचारलं, "आई कुठे आहे?"

झालं! मेहुणी तिला कवटाळून रडू लागली. मास्तरांनी, माणूस जातो म्हणजे खरं तर जात नाही, असं काहीतरी सुरू केलं, पण ते त्यांनाच पुढे नेता येईना. मी घसा खाकरून, आई आपल्या मनात असते वगैरे म्हणालो. लेकीने मावशीच्या काखेतून वैतागलेलं डोकं बाहेर काढलं.

"ते मला माहितीये. चित्रातली आई कुठे आहे? ती कडेला होती."

कागद हातात आला की फ्रेमवाला आधी कडा सरळ करतो. उजवी कड तिरकी होती, म्हणून कागदाची अंगठाभर पट्टी मी कापून उडवली होती. तिच्यावर काय आहे ते पाहिलंही नव्हतं.

घरातल्या चपलांवरच कोपऱ्यावरच्या माझ्या दुकानाकडे धावलो. मागे लेक, तिच्यामागे मेहुणी, सगळ्यांत शेवटी फ्रेम काखेत मारून मास्तर. कातरणांचं पिंप पालथं केलं आणि आम्ही चौघं जमिनीवर. कुणाच्या पदवीची कड निघाली, कुणाच्या लग्नातल्या मामाचा कान निघाला. मास्तर प्रत्येक तुकड्याला "हीच का?" विचारत होते.

शेवटी लेकीलाच सापडली. हिरवी, बोटाएवढी, एक हात वर केलेली.

फ्रेम उघडली. पट्टी चिकटवली. खाली बसलोच होतो, म्हणून विचारलं, "आई काय करतेय?"

"तुला हाक मारतेय. जेवायला."

"मग मी कुठे आहे?"

"तू दुकानात आहेस ना, बाबा. दिसशील कसा?"

तरी मी कागद उलटून पाहिला. मागेही नव्हतो.