भाव खाली येन

नवा मानूस दिसला का लोक राम राम घालते. आमचा डोमाकाका इचारते, "तुमच्या इकडं गांज्याचा काय भाव आहे?"

ओळख नाई, पाळख नाई. सरळ गांजा. मानूस ट्रकवाला असो, वऱ्हाडातला पाहुना असो, का लेकरायले डोस पाजाले आलेली नर्सबाई असो. नर्सबाई तं डोसाचा डब्बा इथंच सोडून पळाली होती. मी मांगून धावत जाऊन देला, तं तिले वाटलं मीच गांजा घेऊन येऊन राहिलो. आनखी जोरात पळाली.

अन् मजा पाहा, डोमाकाकानं जिंदगीत गांज्याले बोट नाई लावलं. बिडीचा धूर आला तं नाकावर दुपट्टा धरते. सुपारी खाल्ली तं त्याले घेरी येते. पन भाव पायजे.

आता मी कोन, ते सांगतो. मी बंडू. नाकाडोंगरीच्या फाट्यावर माही चहाची टपरी आहे. माहा चहा असा, का एकदा पेलेला मानूस दुसऱ्यांदा येत नाई. म्हनूनच फाट्यावर टाकली टपरी. तिथं रोज नवं गिऱ्हाईक भेटते. शाळेत मी तीन साल पहिलीतच होतो. मास्तरची बदली झाली, माही नाई झाली. हे बी मी बोलून राहिलो अन् माही धाकटी पोरगी लिहून राहिली. चांगलं लागलं तं तिचं, चुकलं तं माहं.

डोमाकाका आमच्या तलावात मासोळ्या मारते. सत्तरी कवाच उलटली. समोरचे चार दात गेले, म्हनून बोलते तवा अर्धा शब्द हवेतच जाते. काकी जाऊन लय साल झाले, लेकरूबाकरू नाई. सकाळी जाळं काढाचं, मासोळ्या इकाच्या, अन् दुपारी माह्या बाकावर बसून ट्रकवाल्यायची वाट पाहाची. मॅंगनीजचे ट्रक, धानाचे ट्रक, कुठचे कुठचे ट्रक. डायवर खाली उतरला का काकाचा सवाल तयार.

कागद नाई, पेन नाई, सारे भाव डोक्यात. "पाय बंडू," तो मले सांगे, "ओडिशाच्या पहाडात पिकते, तं तिथं जेवढ्यात ओंजळ भेटते, तेवढ्यात रायपूरले मूठ. गोंदियाले अर्धी मूठ. अन् आपल्या भंडाऱ्यात चिमटी." जिल्हा फुटला तवापासून तो गोंदियाचा भाव अलग धरते. पहिले भंडाऱ्यातच धरे.

मी म्हनलं, "काका, माल तोच, मंग मूठ चिमटी काहून होते?"

"पोलिसायच्या चौक्या मोज ना लेका. एक चौकी म्हंजे एक पार."

पार म्हंजे तलावाचा बांध. काकाले दुनियेतली कोनतीबी गोष्ट समजावाची असली का त्याले तलाव लागते. "बंदी म्हंजे पार व्हय. ह्या अंगाले पानी छातीएवढं, त्या अंगाले ठनठन कोरडं. ज्याच्या अंगात जोर, तो इकडचं पानी डोक्यावर घेऊन तिकडं नेन अन् मनाले येईन तसं इकन. पार फोड. मंग पाय. दोन्हीकडं सारखं. खाली येन का नाई?" मंग मानेले झटका देऊन तेच ते सांगे, "पार फुटली का भाव खाली येन."

मी कधी म्हनलं, का हे तुहं सारं हवेतलं आहे, तं तो चंद्रपूर काढे. "तिकडं दारू बंद झाली तवा इथली बाटली तिथं नवरदेवावानी महाग झाली का नाई? बंदी उठली, मंग? उतरली का घोड्यावरून?"

"मले काय माहीत काका," मी म्हनलं. "माह्या बायकोनं घरातच बंदी लावून ठेवली. माह्या इथला भाव रोज चढते."

एवढं बोललो का तो कधी हासे नाई. तलावाकडं पाहे. मले वाटे, माहा जोक फसला. माहे जोक फसतेच, त्याच्यात नवं काई नाई.

बावनथडी नदी वलांडली का मध्यप्रदेश. तिथं भांगेचा ठेका सरकारी आहे, हे काकाले कोन्या डायवरनं सांगतलं. तवापासून काका जो भेटन त्याले म्हने, "एकाच झाडाचा पत्ता सरकारी नोकर, अन् फूल फरार आरोपी. सांगा, झाडानं काय समजावं?"

एकदा खदानीतल्या साहेबाचा जावई अमेरिकेहून आला. गाडी पंचर झाली म्हनून माह्या टपरीवर बसला, नाई तं असा मानूस माहा चहा कायले पेईन? काकानं सवाल टाकला. जावई पहिले दचकला, मंग हासला अन् खुलला. तिथं म्हने काही राज्यात खुल्ला आहे, दुकानात भेटते. खुल्ला झाला तवा सरकारनं एवढा टॅक्स लावला का चोरून इकनाराच स्वस्त पडे. मंग जो तो पिकवाले लागला, अन् भाव धाडदिशी पडला. पन बाजूच्याच राज्यात बंदी, तं तिथं अजूनबी महाग.

काकाचे डोये चमकले. "दुकानात भेटते? पक्कं बिल देते?"

"हो, बिल देतात."

"अन् पेनारे मंग कुठं राहाले जाते? महागाकडं का स्वस्ताकडं?"

"काही लोक तिकडे राहायला जातात खरे, आजोबा."

काका मले म्हने, "पायलं? मानूस जाते. स्वस्ताकडं जाते." अन् त्या दिवशी त्यानं स्वतःच्या पैशानं माहा दुसरा चहा घेतला. असं आजवर कोनी केलं नोयतं.

माह्या मोठ्या पोरीले पाहाले बालाघाटकडचे पाहुने आले, तवा काकाले मीच बोलावलं. बुजुर्ग मानूस, बसन कोपऱ्यात. सांगून ठेवलं होतं, "काका, आज गांज्याचं नाव नाई." पोरगी पोहे घेऊन आली. अन् कोपऱ्यातून आवाज आला, "तुमच्या इकडं काय भाव?"

नाव नोयतं घेतलं, पन आमच्या इथं काकाच्या भावाले नाव लागत नाई. पाहुन्याले वाटलं हुंड्याचं इचारून राहिला. पोराचा बाप लाल झाला, "आम्ही तसले लोक नाई!" म्हनून उठला. मले सुचेना, मी घाबरून खरं बोललो, "नाई नाई, गांज्याचं इचारून राहिले!" म्हंजे आगीवर राकेल. तं पोराचा आजा, पांढऱ्या मिशीचा, बसल्या जागी म्हनला, "आमच्या तिकडं थोडा स्वस्तच पडते." अन् दोघं बुढे असे गप्पाले बसले का शेवटी लग्न पक्कं करूनच उठले. पोरगी सुखी आहे. माहा त्याच्यात काई हात नाई.

मंग एक दिवस साध्या कपड्यातला पोलीस जमादार बाकावर बसला होता. काकानं इचारलं.

"तुले पायजे का?" जमादार हळूच म्हने.

"मले कायले? भाव सांगा फक्त."

जमादारानं दोघायले चौकीवर नेलं. काकाले भाव इचारला म्हनून, मले हासलो म्हनून. काकाचा झोला उलटा केला. सुतळी, जाळं शिवाची सुई, अर्धी भाकर, अन् फडक्यात गुंडाळलेली मातीची चिलम. दोन तुकडे झालेली, लाखेनं जोडलेली. जमादारानं नाकाले लावून हुंगली. नुसती माती.

"पेत नाई, मंग हे कायले?"

"ते माही नोयं."

"मंग कोनाची?"

ज्या मानसाजवळ ओडिशापासून अमेरिकेलोक सारे जवाब होते, तो पायाच्या अंगठ्याकडं पाहात राहिला. जमादारानं मले म्हनलं, "बुढा सटकला आहे. घेऊन जा." चिलम काकानं पुन्हा फडक्यात गुंडाळली, लेकराचं नाक पुसावं तशी पुसून.

मी काय केलं? आठ दिवस टपरीवर त्याची नक्कल करून दाखवली. "ते माही नोयं!" लोक हासले. काका बी हासला. मले वाटलं, किस्सा संपला.

पानी पडून गेल्यावर काका म्हने, "चाल बंडू, भंडाऱ्याले. अर्जी देऊ. गांज्याची बंदी उठवा म्हनून. अमेरिकेतल्या लोकायनं मांगतलं, त्यायले भेटलं."

मी म्हनलं, आपन दोघंच अमेरिकेवानी दिसून राहिलो का? पन गेलो. तुमसरले बस बदलाची होती. मले वाचता येत नाई हे मी काकाले कधी सांगतलं नोयतं, तं ऐटीत पाटी वाचल्यावानी केलं अन् काकाले गोंदियाच्या गाडीत बसवलं. कंडक्टरनं अर्ध्या रस्त्यात उतरवलं. भंडाऱ्याले पोचलो तवा ऊन कलाले आलं होतं.

कचेरीच्या भाईर झाडाखाली एक अर्ज लिहिनारा बसते. काका बोलत गेला, तो लिहीत गेला. आतमधी टेबलावर एक म्याडम होत्या. त्यायनं चष्मा लावून मोठ्यानं वाचलं, "सबब मायबाप सरकारने गांज्यावरील बंदी उठवावी, म्हणजे आमच्या गावी भाव खाली येईल."

लाइनमधले सारे हासले. सगळ्यात मोठ्यानं मी.

"आजोबा," म्याडम म्हने, "या वयात कशाला पायजे तुम्हाले कमी भाव?"

"भाव नाई बाई," काका म्हने. "भाऊ."

"काय?"

"माहा भाऊ. भाऊ खाली येन. वर आहे ना तो. अमरकंटकले गेला साधूयच्या संगं. वर पहाडावर."

कोनी हासलं नाई. मी बी नाई.

"माय गेली तवा एवढासा होता," काकानं गुडघ्यालोक हात नेला. "मीच वाढवला. जाळं टाकाले शिकवलं. मंग बाबा लोकायच्या नादी लागला, चिलम ओढे. मी म्हनलं, चिलम सोड नाई तं घर सोड. त्याच्या हातातून घेतली अन् पारीच्या दगडावर फोडली. तो म्हने, बरं. अन् गेला. जाळं बी नाई नेलं. मासोळी पानी जाते तिकडं जाते बाई. जिथं खुल्ला, जिथं स्वस्त, तिथंच असन तो. म्हनून मी भाव इचारतो. अन् इथंच खुल्ला झाला, तं इथं नाई येनार का?"

किती सालापासून मी आयकून राहिलो होतो, पार फुटली का भाव खाली येन. त्यातला भाव कोनता अन् भाऊ कोनता, देव जाने. त्याले दात नाई, अन् मले कान नाई.

म्याडमनं चष्मा काढला. "आजोबा, हे आमच्या हातात नाही हो. कायदा वरून येते, दिल्लीहून. मी अर्ज घेते, पण उत्तर येईल असं खोटं नाही सांगत."

"घ्या," काका म्हने. "वरचंच सारं आहे."

मंग त्यायनं पेन घेतला, अर्जीतलं एक अक्षर खोडलं, बाजूले दुसरं लिहिलं, अर्जीच्या दुसऱ्या कॉपीवर बी तसंच केलं, अन् शिक्का मारून ते कॉपी काकाले देली. मले वाचता येत नाई. पन ते एक अक्षर मले त्या दिवशी वाचता आलं.

दुसऱ्या दिवशी टपरीवर शहडोलकडं जानारा एक डायवर बसला होता. काका बाकावर जाळं शिवून राहिला होता. मले चुप राहनं जमत नाई, तं मी डायवरले म्हनलं, "अमरकंटक पडते का रस्त्यात? तिथं नाकाडोंगरीचा कोनी बाबा भेटला तं सांगा, इथं गांजा सुटला. मातीच्या मोलानं. म्हना, लवकर ये, नाई तं संपन."

"खोटं नको सांगू लेका," काका म्हने. मंग डायवरकडं वळला. "त्याले म्हना, बंदी आहेच. भाव बी चढाच आहे. पन डोमाच्या घरातली बंदी उठली. म्हना, चिलम जोडून ठेवली."

"नाम क्या है भाई का?" डायवरनं इचारलं.

काकाचे ओठ हालले. हजार लोकायले भाव इचारला त्यानं, पन हे नाव मी त्याच्या तोंडून कधी आयकलं नोयतं.

"सुखदेव."

डायवरनं गाडी चालू केली अन् इसरू नये म्हनून खिडकीतून दोनदा ओरडला, "सुखदेव! नाकाडोंगरी! सुखदेव!" काका उभा राहिला, जसं त्यालेच कोनी हाक मारली.

अजून कोनी आलं नाई. काका अजून बाकावर बसते, अजून इचारते. पन आता पहिले सुखदेवचं नाव सांगते, मंग भाव इचारते.

अन् मी? पिकल्या दाढीचा कोनी बाबा फाट्यावर उतरला का मी जुना चहा फेकतो अन् नवा मांडतो. आलं ठेचून, दूध जास्त, साखर दोनदा चाखून. न जानो तोच असला, तं माह्या चहाच्या पहिल्याच घोटानं वापस नाई गेला पायजे.